दीड एकर, काळी माती आणि राजीनाम्याची घाई

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मी ३९, सॉफ्टवेअरमध्ये. बायको ३६, शाळेत शिकवते. मुलगी आठ वर्षांची, आणि आई आमच्याकडेच असते. महूच्या पुढे मानपूरच्या बाजूला दीड एकर जमीन बघून ठेवली आहे. माती काळी, किंचित उतार, ३०० फुटांचा बोअर. मालक म्हणतो, मार्चमध्ये पाणी 'जरा कमी' होतं. पर्माकल्चरचा (निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती आखण्याचा) ऑनलाइन कोर्स दोघांनी पूर्ण केला आहे. बेत असा: ऑक्टोबरमध्ये मी राजीनामा द्यायचा, कंटूरवर (समपातळीत) चर खणायचे, ३०० झाडांचं फूड फॉरेस्ट (खाण्याजोग्या झाडांचं रान) लावायचं, मातीचं घर बांधायचं. आईचा आग्रह की गाय पहिल्या दिवसापासून हवी. अडचण एकच, हाताला सवय नाही. घरात खिळा ठोकायलाही आम्ही माणूस बोलावतो. कोणती कौशल्यं शिकावीत आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर:

खिळ्याची ओळ वाचून बरं वाटलं. जो एवढं खरं लिहितो त्याला शिकवता येतं. काळजी वाटली ती ऑक्टोबरची.

ऑक्टोबरमध्ये माळवा फार देखणा आणि तितकाच लबाड असतो. विहिरी भरलेल्या, बोअरला जोरदार धार, रस्ते वाळलेले, हवा गार. त्या महिन्यात कुठलीही जमीन पसंत पडते. जमीन बघायची ती मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. मेमध्ये पाणी कळतं, जुलैमध्ये माती आणि रस्ता कळतो. 'डग डग रोटी, पग पग नीर' असं माळव्याबद्दल म्हणत आले आहेत खरं, पण मालकाचं 'जरा कमी' म्हणजे नेमकं किती, ते मोजून घ्या.

मोजायला २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. पंप सुरू करा, ड्रम किती वेळात भरतो ते बघा. ३ मिनिटांत भरला तर ताशी ४,००० लिटर. पण पहिल्या काही ड्रमांवर विश्वास ठेवू नका. साडेसहा इंची बोअरमध्ये १०० फूट पाणी उभं असेल तर नुसतं तेच सहाशे-साडेसहाशे लिटर भरतं, म्हणजे पहिले तीन ड्रम साठलेल्या पाण्याचे. बोअरची खरी आवक त्यानंतर दिसते. दर अर्ध्या तासाने एक ड्रम मोजा, असं तीन तास. धार तुटू लागली, मध्ये हवा येऊ लागली की पंप लगेच बंद करा (कोरडा चालला तर जळतो) आणि पाणी पुन्हा वर यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा.

आता लागणार किती? चार माणसांना रोजचे ४०० लिटर धरा. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला ४० लिटर, म्हणजे ८० झाडांना रोज ४६० च्या आसपास. १०० चौरस मीटर भाजीला मेमध्ये रोज साधारण ५५०. बेरीज चौदाशे. ताशी ५०० लिटरचा बोअर तीन तासांत एवढं देतो. तुमच्या ३०० झाडांनी हाच आकडा सव्वीसशेवर जातो, म्हणून पहिल्या वर्षी ८० च्या वर झाडं नकोत. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते, आणि ते तास रात्रीचेही असू शकतात, हेही या हिशेबात घ्या.

दुसरीकडे पावसाचा आकडा बघा. इंदूरकडे वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटर धरला तर दीड एकरावर जवळजवळ ५८ लाख लिटर पाणी पडतं, बहुतेक सगळं साडेतीन महिन्यांत. त्यातलं थोडं जरी जिरवता-साठवता आलं तरी बोअरवरचा भार उतरतो. म्हणून सगळ्यात आधी शिकायचं कौशल्य म्हणजे पाणी चालवणं. आणि नेमक्या इथेच तुमचा ऑनलाइन कोर्स तुम्हाला फसवणार आहे.

पर्माकल्चर हा शब्द १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी घडवला. व्हिडिओंमधले समपातळीतले चर, म्हणजे स्वेल, बहुतेक अशा जमिनीत खणलेले असतात जिथे पाणी भराभर मुरतं. आपली काळी माती उलट वागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिले पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातात, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच उभं राहतं. समपातळीतल्या चरात पंधरा-पंधरा दिवस पाणी साचून खालच्या अंगाच्या झाडांची मुळं कुजतात. वर बांधही काळ्या मातीचाच. तो उन्हाळ्यात तडकतो आणि जुलैच्या एखाद्या मोठ्या पावसात त्याच तड्यातून फुटतो. मृद्संधारणवाले खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध टाळतात ते यासाठीच. इथे चराला अगदी हलका उतार देतात, १०० मीटरला २० ते ४० सेंटीमीटर, आणि पाणी सावकाश चालवत गवताळ नाल्यात, तिथून तळ्यात सोडतात. भाजी आणि धान्यासाठी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने काळ्या जमिनीकरता बसवलेली रुंद वरंबा-सरी घ्या. दीड मीटरच्या अंतराने सरी, मध्ये पसरट वाफा. पावसाने ताण दिला तर वाफ्यात ओल राहते, झड लागली तर सरीतून पाणी निघून जातं. सोयाबीनवाले शेजारी हेच 'रेज्ड बेड' म्हणून करताना दिसतील.

एवढा हलका उतार डोळ्यांना दिसत नाही, तो काढायला ए-फ्रेम लागते. ती घरी करा. तेवढ्याने खिळाही ठोकून होईल, आरीही चालवून होईल. सात फुटी दोन सरळ बांबू वरच्या टोकाला सुतळीने किंवा बोल्टने बांधा. खालचे पाय बरोबर २ मीटर अंतरावर ठेवा आणि कमरेच्या उंचीवर आडवी पट्टी ठोका. वरच्या टोकापासून ओळंबा सोडा, तो आडव्या पट्टीच्या जरा खाली लोंबला पाहिजे. दोरीला दगड बांधला तरी चालतो, पण वाऱ्यात तो हलतो आणि रेघ चुकते. गवंड्याचा लोखंडी ओळंबा घ्या. आता चौकट उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या मारा, दोरी पट्टीवर जिथे टेकते तिथे खूण करा. चौकट उलटी फिरवून पाय एकमेकांच्या जागी ठेवा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तुमची समपातळी.

उतार द्यायची युक्ती अशी. १०० मीटरला ३० सेंटीमीटर म्हणजे २ मीटरच्या एका पावलाला ६ मिलिमीटर. पाणी ज्या दिशेला न्यायचं, त्या बाजूच्या पायाला खालून ६ मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा ठोका. आता दोरी मधल्या खुणेवर आली की तो पाय टेकलेली जमीन ६ मिलिमीटर खाली आहे. चौकट पुढे नेताना तुकड्याचा पाय नेहमी पुढेच राहिला पाहिजे, म्हणून ती गिरकी घेऊन नेऊ नका, उचलून सरळ पुढे ठेवा. नवशिके हटकून इथेच चुकतात आणि निम्मी ओळ चढती निघते. दर पाच-सहा पावलांना पारदर्शक नळीच्या पाणसळीने पडताळा घ्या. नळीत बुडबुडा राहिला तर पाणसळ खोटं सांगते, म्हणून ती बादलीतून सावकाश भरायची. लिंबोदी किंवा बिलावली तळ्याकडच्या एखाद्या उतारावर दोन रविवार सराव केलात तर शेतावर हात अडखळणार नाही.

शेततळ्याची मात्र पहिल्या वर्षी घाई नको. २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल आणि कडा दीडास एक उताराच्या असं तळं धरलं तर साडेसात लाख लिटरच्या आत-बाहेर पाणी मावतं. जेसीबीवाला कडा उभ्याच ठेवू पाहतो, कारण त्याचं काम लवकर उरकतं. काळ्या मातीची उभी कड पहिल्याच पावसाळ्यात ढासळते. आणि तुमच्याकडे माती अडीच-तीन फूट असून खाली मुरूम लागला, तर तळं मुरमात उतरेल आणि गळेल. गळकं तळं बोअरला फायद्याचं, साठवणीला निकामी. साठवायचंच असेल तर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घालावा लागतो. शिवाय ऑक्टोबर ते मे सव्वा मीटरच्या वर पाणी नुसतं उन्हाने उडतं, म्हणजे एक थेंब न वापरता, न गळताही मेअखेर तीन लाखांच्या आसपासच हाती राहतं. जवळच देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी हजारो तळी स्वतःच्या जमिनीत खोदली, रेवासागर म्हणतात त्यांना. मेमध्ये एक दिवस तिकडे जा. कुणाचं टिकलं, कुणाचं आटलं, मालकांनाच विचारा. कोर्सपेक्षा जास्त शिकाल.

मातीकडे येऊ. काळ्या मातीत वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, ओळखता येणं हे निम्मं शेतीज्ञान आहे, आणि ते पुस्तकात मिळत नाही. चार बोटं खालची मूठभर माती दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा चपटा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त, आज शेतात पायही घालू नका. फुटून रवाळ झाला तर वाफसा आहे, कामाला लागा. गोळाच झाला नाही तर उशीर झाला. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवली की ढेकळं होतात, ती उन्हात विटांसारखी वाळतात आणि मोसमभर छळतात. नोकरी करणाऱ्याला वाफसा रविवारीच मिळेल असं नाही. म्हणून जुलै ते सप्टेंबर गावात एक खोली भाड्याने घ्या आणि रजा त्या महिन्यांसाठी राखा. नाहीतर सगळं उंटावरून शेळ्या हाकणं होतं.

कंपोस्ट करायला तुम्ही जगातल्या योग्य गावी राहता. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतकऱ्यांच्याच रीतीवरून खताची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवतात. इंदूरची मराठी मंडळी व्हिडिओतून परदेशी कंपोस्ट शिकतात याची गंमत वाटते. असो. ओला-सुका कचरा वेगळा करायला इंदूरकरांना शिकवावं लागत नाही, एवढी पायरी तुमची झालेलीच आहे.

ढीग दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच हवा. मीटरभरापेक्षा लहान ढीग तापतच नाही, आणि बाल्कनीतलं कंपोस्ट गार राहतं ते म्हणूनच. खाली काटक्या-पऱ्हाट्यांचा थर, त्यावर वीतभर सुकं, म्हणजे सोयाबीनचं कुटार आणि पाला. त्यावर तीन-चार बोटं हिरवं, मग शेणकाला, मूठभर राख आणि गोठ्यातली मूत मुरलेली माती. याच क्रमाने वरपर्यंत. प्रत्येक थर शिंपडून ओला करायचा. मूठ दाबली की बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत, धार लागली तर पाणी जास्त झालं. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही तर ढीग ५५-६० अंशांवर गेला आहे, सगळं ठीक. साधारण पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी उलथायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. नव्वद दिवसांत खत. नाकात झोंबणारा वास आला तर शेण-हिरवं जास्त झालं, सुकं मिसळा. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी, लगेच उलथा. गारच राहिला तर बहुतेक वेळा आतून कोरडा असतो. पावसाळ्यात खड्ड्यात करू नका, जमिनीवर करा आणि झाका. हिवाळ्या-उन्हाळ्यात खड्डा बरा, ओल टिकते. हॉवर्ड-वाडही असंच करत. एका ढिगातून पाचेकशे किलो खत सुटतं, शंभर चौरस मीटर भाजीला दोन हंगाम पुरेल. बाहेरून आणलेल्या कुटारात किंवा शेणात तणनाशक उतरलं असण्याची शंका असेल तर तयार खतात कुंडीभर वाटाणा पेरून पाहा. पानं चुरगळलेली निघाली तर ते खत भाजीला नको.

झाडं लावण्यात काळ्या जमिनीतली नेहमीची चूक म्हणजे खोल खड्डा. खड्ड्यात भुसभुशीत खतमाती, भोवती चिकण माती, म्हणजे पावसाळ्यात ते मडकंच झालं. शेवगा, पपई, लिंबू तर आठ दिवसांत माना टाकतात. दीड फूट उंच आणि चार फूट रुंद गादीवर लावा, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. सीताफळ मात्र मुरमाड कोपऱ्यात टाका, त्याला काळीचे लाड नकोत. फळझाडांच्या ओळींमध्ये तूर आणि शेवरी नुसती बी टाकून पेरा. त्यांना उन्हाळ्यात वेगळं पाणी लागत नाही, सावली मिळते आणि पाला जमिनीवर पडतो. जानेवारीत एखाद-दुसरी रात्र पाल्याची, म्हणजे दव गोठण्याची, निघतेच. आंब्याची कोवळी कलमं कडब्याच्या खोपटीत झाका आणि आग्नेयेकडची बाजू सकाळच्या उन्हासाठी उघडी ठेवा. रोजडे (नीलगायी) आणि रानडुकरं हा वेगळाच विषय आहे. पाच पदरी काटेरी तार रोजडा सहज उडी मारून ओलांडतो. करवंद-सागरगोट्याचं जिवंत कुंपण दाट व्हायला तीन वर्षं घेतं, म्हणून ते झाडांच्याही आधी लावायचं. तोवर सौरऊर्जेवरचं झटका मशीन वापरा. तारेत घरची वीज सोडायचा सल्ला गावात कुणीतरी देईलच. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसं मरतात.

आता घर. काळ्या मातीचं घर होत नाही, काळ्या मातीवरही होत नाही. ३० सेंटीमीटर लांबीच्या लाकडी साच्यात ओली माती दाबून भरा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. भिंतीची माती एक सेंटीमीटरपेक्षा जास्त आक्रसू नये. तुमची काळी तीन-चार सेंटीमीटर सहज आक्रसेल आणि मध्ये तडकेल. भिंतीसाठी मुरमाड पिवळी माती बाहेरून आणावी लागेल, प्रत्येक खेपेची हीच परीक्षा घ्यायची. पाया धरताना आधी तीन ठिकाणी चार-चार फूट खड्डे घेऊन पाहा. मुरूम तीन फुटांवर असेल तर काळी पूर्ण काढा, पाया मुरमावर घ्या आणि खड्ड्यात मुरूमच भरा. काढलेली काळी परत भराल तर ती पावसाळ्यात फुगून जोतं उचलेल आणि उन्हाळ्यात सोडून देईल, भिंतीत तिरक्या भेगा पडतात त्या अशा. काळी खूप खोल असेल तर खाली फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल लागतात. रूरकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेने ते अशाच मातीसाठी विकसित केले. हे काम इंजिनिअरचं, यूट्यूबचं नाही. जोतं काळ्या दगडाचं, दोन फूट उंच. छपराची वळचण भिंतीबाहेर अडीच-तीन फूट. या दोन गोष्टी असल्या की मातीची भिंत माळव्याचा पाऊस झेलते.

पण पहिलं बांधकाम घराचं करूच नका. दहा बाय बाराची अवजारांची खोली आणि तिला लागून संडास बांधा, गवंड्याबरोबर स्वतः उभे राहून. गुण्या लावणं, ओळंब्यात भिंत घेणं, पत्र्याला उतार देणं, पन्हळ बसवणं, एवढं त्या खोलीत शिकून होतं आणि चुका स्वस्तात पडतात. पुढे घराचा ६० चौरस मीटर पत्रा झाला की त्यावरून वर्षाला पंचेचाळीस हजार लिटर पाणी मिळेल, पण पन्हळ कशी गळते ते आधी लहान छपरावर कळू द्या. संडासाचे शोषखड्डे काळ्या मातीत पावसाळाभर तुंबतात. ते मुरमात न्या, भोवती रेती भरा आणि बोअरपासून किमान १५ मीटर लांब ठेवा.

फ्लॅटमध्ये राहूनही आजपासून शिकता येतील अशा गोष्टी आहेत. नळकाम घ्या. पीव्हीसी जोडताना आधी कोरडं बसवून खूण करा, दोन्ही तोंडं पुसून दोन्हींना सोल्युशन लावा, पाव फेरा फिरवून आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, कारण पाइप परत बाहेर सरकतो. पाणी दुसऱ्या दिवशी सोडा. उघड्यावर उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतो, तिथे एचडीपीई घाला. ठिबकाला १२० मेशची जाळी हवीच. बोअरच्या क्षाराने ड्रिपर बंद पडतात, पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून धुवायची. मग धार लावणं. कोयत्याला कानस लावताना ती पुढे ढकलतानाच घासायची, मागे आणताना उचलायची, नाहीतर कानसच बोथट होते. दातेरी विळ्याच्या भानगडीत पडू नका, तो झिजला की नवा घेतात. अवजारं मोजकी: फावडं, कुदळ, टिकाव, पहार (तिकडे सब्बल म्हणाल तर समजेल), दोन तगाऱ्या, खुरपी, कोयता. दांडे बाभळीचे. पॉवर टिलर वगैरे दुसऱ्या वर्षी. माती परीक्षण आणि हंगामी सल्ल्यासाठी कस्तुरबाग्रामचं कृषी विज्ञान केंद्र गाठा. सौर चूल, वाळवण आणि कमी गरजांचं घर कसं चालतं ते बघायला पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांचं सनावदियाचं केंद्र जवळच आहे. मुलीला घेऊन जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. आपल्याकडे सातबारा नाही. त्याऐवजी खसरा (जमिनीचा उतारा), बी-१ (खातेदाराचा उतारा) आणि नक्शा काढा. बिघ्याचा हिशेब गावागणिक बदलतो, खसऱ्यातला हेक्टरच खरा. तुमचे दीड एकर तिथे ०.६०७ हेक्टर दिसले पाहिजेत. पैसे देण्याआधी सीमांकन करून घ्या. वाटेची जागा नक्शावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, ते बघा. ही वाट जुलैत पायी चालून पाहायची. विकणारा आदिवासी असेल किंवा जमीन शासकीय पट्ट्याची असेल तर १९५९ च्या भू-राजस्व संहितेचं कलम १६५ आडवं येतं. वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

तर वेळापत्रक असं सुचवतो. यंदाच्या मेमध्ये ड्रम आणि तीन खड्डे, जुलैत वाट आणि वाफसा, मगच खरेदी. पहिलं पूर्ण वर्ष दोघांच्याही नोकऱ्या चालू. कुंपण, चर, शंभर चौरस मीटर भाजी, ८० झाडं आणि एक खोली, बस. उरलेली जमीन गावातल्या चांगल्या शेतकऱ्याला बटाईने द्या. पडीक ठेवलीत तर तणाचं बी शेजाऱ्यांकडेही जाईल आणि पहिल्याच वर्षी शेजार बिघडेल. बटाईदार म्हणजे तुमचा फुकटचा शिक्षकही आहे, तो कोणत्या दिवशी शेतात पाय घालत नाही तेवढं बघत राहा. दुसऱ्या उन्हाळ्यात ८० पैकी ६० झाडं जगली आणि बोअर पुरला, तर तुम्ही राजीनामा द्या. बायकोचा पगार आणखी दोन वर्षं राहू द्या. दीड एकरातून घरची भाजी, डाळ, थोडं धान्य निघेल. मुलीची फी त्यातून लवकर निघणार नाही, आणि झाडं फळं द्यायला आपलाच वेळ घेतात. पी हळद अन् हो गोरी हे इथे चालत नाही.

आणि गाय. आईंना सांगा, गाय येईल, पण तिसऱ्या वर्षी. एका गायीला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो सुका आणि ४० ते ६० लिटर पाणी लागतं. ते पाणी वरच्या चौदाशे लिटरांत धरलेलं नाही. दूध दोन वेळा काढावं लागतं, दिवाळीला आणि लग्नाकार्यालासुद्धा. तोवर शेण गावातून विकत घ्या. आईंना गोठ्याची खरीच सवय असेल तर बटाईदाराच्या घरी सकाळी धार काढायला जाऊ द्या. महिनाभर गुडघ्यांनी साथ दिली तर नेपिअर या चाऱ्याच्या गवताच्या कांड्या पुढच्या पावसाळ्यात चराच्या कडेने लावून ठेवा.